‘कोन्या गावचा?’ विचारून झाल्यावर

भारतातला पहिला नियंत्रित कापूस बाजार आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यात सुरू झाला, १८८६ मध्ये. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचे आणि कारभारात इंग्रजांचे होते. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने हा बाजार उभा राहिला. विलायतेतल्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, हे त्यामागचे उघड कारण. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि एक तत्त्व रुजले : शेतकऱ्याचा माल कोण मोजतो आणि कोण विकून देतो, ही शेतकरी आणि व्यापारी या दोघांची खासगी बाब नाही. मोजणाऱ्या आणि विकून देणाऱ्या माणसावर कोणाची तरी नजर हवी.

१९६३ च्या कायद्याखाली चालणाऱ्या आजच्या बाजार समित्यांत हे तत्त्व टिकून आहे. अडत्याला परवाना लागतो, खरेदीदाराला लागतो, मापारी आणि हमालही समितीचे परवानाधारक असतात. सोयाबीनचा कट्टा पाठीवर घेणाऱ्या हमालाचे नाव समितीच्या दप्तरात सापडते. त्याच अडतीच्या गादीवर बसून हिशेबपट्टी लिहिणारा, नोटा मोजणारा, शेतकऱ्याच्या हातावर चुकारा ठेवणारा दिवाणजी मात्र कुठल्याच दप्तरात नसतो. तो आधी कुठे होता, तिथून का निघाला, हे विचारायचे की नाही ही मालकाची मर्जी. मालक बहुधा एकच विचारतो : ‘कोन्या गावचा?’ गाव ओळखीचे निघाले, मामाचे किंवा साडूचे नाव जुळले, की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माणूस कामावर हजर.

लहान दुकानाचे मोठे नुकसान

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम हा सहा तालुक्यांचा जिल्हा : वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम बारा लाख. नीती आयोगाने २०१८ मध्ये काढलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यांत हा एक. इथे रोजगार म्हणजे मुख्यतः शेती, आणि शेतीबाहेर दोन-चार-दहा माणसांची दुकाने : अडत, कृषी सेवा केंद्र, किराणा, मेडिकल, कापड, दाल मिल, पेट्रोल पंप, पतसंस्थेची शाखा, शिकवणी वर्ग, रस्त्यावरचे हॉटेल. मनुष्यबळ विभाग नावाची गोष्ट यांच्यापैकी कोणाकडेच नसते. मालक सकाळी शटर उघडतो तेव्हा तोच व्यवस्थापक, तोच खरेदी अधिकारी आणि माणसे निवडणाराही तोच.

बँकेत एक जण पावती लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा रोकड देतो, आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षक येतो. चार माणसांच्या दुकानात ही तिन्ही कामे एकाच्या हातात असतात. मालक लग्नाला किंवा पंढरपूरला गेला की चौथेही, म्हणजे दुकानाची किल्लीही. मोठी कंपनी एखाद्या नोकराची लबाडी बुडीत खाती टाकून पुढे जाते. लहान दुकानदाराचा त्यात हंगाम जातो आणि घाऊक व्यापाऱ्याकडची पतही जाते.

ही लबाडी क्वचितच तिजोरी फोडण्याच्या रूपात येते. कृषी सेवा केंद्राचा धंदा मृगाच्या आसपास बी-खताच्या उधारीवर चालतो आणि पीक निघाल्यावर वसूल होतो. मधल्या चार-पाच महिन्यांत कोणाकडे किती बाकी हे एका वहीत आणि ती वही लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. शेतकऱ्याने दिलेले पैसे वहीत जमाच झाले नाहीत, तर ते मालकाला कळते दिवाळीनंतर, तेही वसुलीला गेल्यावर शेतकरी चारचौघांत ‘मी तर देले पैसे’ म्हणतो तेव्हा. पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दुकानोदुकानी फिरून रक्कम गोळा करतो. त्याने आजची नोंद आज केली नाही, तर ते ध्यानात यायला महिने जातात. गल्ल्यावर ठेवलेला क्यूआर कोड बदलून स्वतःच्या खात्याचा लावणे ही अलीकडची भर. दिवसातून चार ग्राहकांचे पैसे तिकडे गेले तरी गर्दीच्या दिवशी कोणाला पत्ता लागत नाही.

फौजदारी कायद्याने या प्रकाराला जागा दिलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरण्यासाठी कलम ३०६ आहे आणि नोकराने केलेल्या विश्वासघातासाठी कलम ३१६ चे चौथे उपकलम. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण कलम आहे म्हणून पैसे परत येत नाहीत. फिर्याद, जबाब, जप्ती, तारखा या सगळ्याला जो वेळ लागतो तो दुकान बंद ठेवूनच द्यावा लागतो.

सालगड्याची रीत

माणसाची चौकशी करणे ही काही बाहेरून आलेली पद्धत नव्हे. गुढीपाडव्याला सालगडी धरायची या भागातली जुनी रीत आहे. पाडव्याआधी बोलणी होत : रोख किती, धान्य किती, उचल किती. गडी मागच्या मालकाकडे किती साले राहिला, साल पुरे केले की अर्ध्यात सोडले, बैलांना कसा वागवतो, हे शेजारच्या शिवारातून कळत असे. गावे लहान, माणसे तीच, आणि पाडवा दर वर्षी येणारा. त्यामुळे गडी आणि मालक, दोघांचीही कीर्ती शिवारभर फिरायची. वाईट मालकालाही चांगला गडी मिळत नसे.

या रीतीत चौकशी कामाची होती. दुकानाच्या गादीवर मात्र वेगळी रीत पडली. तिथे माणूस ‘शब्दावर’ येऊ लागला. कोणी नातेवाईक, कोणी जातभाई, कोणी जुना ग्राहक सांगे, ‘आपलाच पोट्टा हाय, ठेवून घ्या.’ शब्द देणारा त्याच पेठेत बसणारा असेपर्यंत हेही चालून गेले. पोराने गडबड केली तर शब्द देणाऱ्याला तोंड दाखवायला जागा उरत नसे, म्हणून तोच त्याच्यावर लक्ष ठेवी.

आता शब्द देणाराच जागेवर राहिलेला नाही. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव हे तालुके मुंबई-नागपूरच्या सरळ रेषेवर आले. महामार्गाच्या कामावर, हॉटेलांत, बांधकामांवर बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून माणसे येतात. इथली पोरे पुणे-मुंबईची वाट धरतात आणि दोन-तीन वर्षांनी परत येतात. मधल्या काळात ती काय करत होती हे त्यांच्या गल्लीलाही ठाऊक नसते. शिफारस येते ती मोबाइलवर, आणि करणाराही त्या माणसाला एखाद्या वेळीच भेटलेला असतो. मालकाचा प्रश्न मात्र तोच राहिला आहे, ‘कोन्या गावचा?’

जातीच्या नावाने होणारी चौकशी

गाव विचारण्यात आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. गावापाठोपाठ आडनाव, आडनावापाठोपाठ जात. अनेक दुकानांत पडताळणी म्हणतात ती एवढीच : आपल्यातला असेल तर ठेवा, ‘त्यांच्यातला’ असेल तर नको.

या जिल्ह्याला या सवयीचा इतिहास चांगला समजायला हवा. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो देशभर पसरवला. जन्माने एका जमातीत आला म्हणजे गुन्हेगार, असे कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द केला. ती तारीख विमुक्त दिन म्हणून पाळली जाते. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ, संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्याच यादीत येतो. विदर्भातल्या पारध्यांची गोष्ट तर सांगायलाच नको. गावात चोरी झाली की पहिली नजर आजही बेड्यावर जाते. तुरुंगातल्या जातिभेदाबद्दल सुकन्या शांता यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला, त्यात विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजण्याच्या या वृत्तीवर कठोर शब्दांत बोट ठेवले आहे.

दुकानदाराच्या दृष्टीने पाहिले तरी जात विचारणे तोट्याचेच. त्यातून प्रामाणिक माणूस दारातून परत जातो आणि ‘आपल्यातला’ लबाड तपासणीशिवाय आत येतो. विश्वासघाताच्या फिर्यादींत आरोपी बहुधा घरोब्यातलाच का असतो, याचे उत्तर यातच आहे. परक्याच्या हाती कोणी किल्ली देत नाही. जो मालक कामाबद्दल विचारतो, त्याला जात विचारायची गरज पडत नाही. ज्याला कामाबद्दल काय विचारायचे हेच माहीत नाही, तो जातीवर येतो.

कामानुसार चौकशी

मग विचारायचे काय? प्रत्येकाचे सगळे विचारून उपयोग नाही. पोते उचलणाऱ्याची, गाडी चालवणाऱ्याची, रोकड सांभाळणाऱ्याची आणि मुलांमध्ये वावरणाऱ्याची चौकशी वेगवेगळी असते. त्या कामात नेमके काय बिघडू शकते, तेवढेच तपासायचे.

सगळ्यांना लागू पडणाऱ्या गोष्टी दोन : ओळख आणि वय. आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन फायलीत लावली म्हणजे ओळख पटली, असा समज आहे. झेरॉक्स कोणाचीही असू शकते. कार्डावरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपने वाचला की नाव आणि फोटो खरे आहेत का ते क्षणात कळते. आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. दुकानाला तेवढी पुरते. आधार माणसाची ओळख सांगते, चारित्र्य सांगत नाही. जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही ते पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले आहे. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला पाहावा. चहाच्या टपरीवर, ढाब्यावर चौदा वर्षांखालचे मूल कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ‘त्याच्या बापानेच आणून सोडला’ हे उत्तर मालकाला वाचवत नाही.

चालकाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे, कारण तिथे न तपासण्याची किंमत न्यायालयांनीच रुपयांत मांडली आहे. अपघात झाला आणि चालकाचा परवाना खोटा निघाला, तर विमा कंपनी हात वर करू पाहते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या लेहरू प्रकरणात यावर मालकाच्या बाजूने रेषा आखली : परवाना मागून पाहिला, तो दिसायला खरा होता, गाडी चालवून घेतली आणि माणूस सक्षम वाटला, तर मालकाने आरटीओच्या दारात जाऊन खात्री करायलाच हवी होती असे म्हणता येत नाही. २०२२ मध्ये ऋषिपाल सिंह प्रकरणात न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. पण ज्याने परवाना पाहिलाच नाही, किंवा खोटा आहे हे ठाऊक असून गाडी दिली, त्याच्याकडून विमा कंपनी जखमीला दिलेली रक्कम वसूल करू शकते. एका अपघाताची भरपाई ही पिकअपच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. आता तर परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तो चालू आहे की नाही आणि कोणत्या वर्गाचा आहे हे दिसते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. त्यामुळे भाजीची, किराण्याची पिकअप फिरवणाऱ्यांचा एक घोर मिटला. तपासलेल्या पानाची प्रत तारीख टाकून ठेवली तर पुढे तीच मालकाची साक्ष होते.

मेडिकलमध्ये औषध देणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. त्याची नोंद राज्य औषधशास्त्र परिषदेकडे असते. दवाखान्यातल्या परिचारिकेची नोंद परिचर्या परिषदेकडे. भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रापेक्षा त्या नोंदवहीतला क्रमांक खरा. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थेवर तर २००५ च्या कायद्यानेच माणसाचे पूर्वचारित्र्य तपासण्याची जबाबदारी टाकली आहे, तेव्हा पेट्रोल पंपाच्या मालकाने एजन्सीकडून रक्षक घेताना ती कागदपत्रे मागून घ्यावीत.

मुलांचा विषय वेगळाच आहे. तिथे मर्जीचा प्रश्न नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणासाठीचे २०२० चे नियम सांगतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी ठराविक काळाने करून घ्यायची आहे. शाळाच नव्हे, पाळणाघर आणि खेळाची अकादमीही यात येते. शिकवणी चालवणाऱ्या आणि विद्यार्थ्यांची व्हॅन ठेवणाऱ्यांनीही स्वतःला यातून वगळू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, आरोप होता तो कंत्राटदारामार्फत त्याच महिन्यात आलेल्या सफाई कर्मचाऱ्यावर, आणि २० ऑगस्टला संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर सरकारने शाळांना कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची पुन्हा सक्त ताकीद दिली. नियम त्याआधी चार वर्षांपासून होता. ‘माणूस कंत्राटदाराने आणला’ हे वाक्य जिल्ह्याच्या ठिकाणच्या शिकवणी वर्गातही ऐकू येते आणि तिथेही ते तितकेच पोकळ आहे.

पोलिसांचा दाखला आणि मागच्या मालकाचे मौन

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो. उमेदवाराने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, ओळख आणि पत्त्याचे पुरावे जोडायचे. राहत्या ठिकाणचे पोलिस ठाणे चौकशी करते. न्यायालयातली प्रकरणे ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने विनामूल्य शोधता येतात, जिल्हा आणि वर्ष निवडून. पण एकाच नावाची दहा माणसे असतात. नाव जुळले म्हणून माणूस तोच असे धरू नये. आणि प्रकरण चालू आहे म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असेही नाही.

नावाचा धोका उलट बाजूनेही आहे. इंग्लंडमध्ये सोहम या गावात २००२ साली दोन शाळकरी मुलींचा खून झाला. खुनी होता शाळेचा केअरटेकर इयन हंटली. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या जिल्ह्यात पूर्वी अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण शाळेत लागताना त्याने निक्सन हे नाव दिले होते आणि पोलिसांची तपासणी त्याच नावापुरती झाली. २००४ च्या बिचर्ड चौकशी अहवालाने ही साखळी कुठे तुटली ते दाखवले आणि तिथली सारी पडताळणी व्यवस्था बदलली. आपल्याकडे घरचे नाव, शाळेतले नाव, आधारवरचे नाव यांत फरक असणे नेहमीचे. म्हणून अर्जात आधीची नावे आणि गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात हे दोन रकाने हवेतच.

पण सगळ्यांत मोठी अडचण पोलिसांच्या दाखल्यात नाही, व्यापाऱ्यांच्या सवयीत आहे. दुकानात नोकराने हात मारला की मालक काय करतो? बोलावतो, रागावतो, जमेल तेवढे वसूल करतो आणि काढून टाकतो. फिर्याद देत नाही, कारण पोलिस ठाण्याच्या चकरा नकोत, पेठेत चर्चा नको, आणि काही वेळा हिशेबातल्या स्वतःच्याही गोष्टी बाहेर यायला नकोत. तोच माणूस महिनाभराने चार दुकाने सोडून पाचव्यात लागतो. पोलिसांकडे त्याची नोंद नाही, म्हणून दाखला स्वच्छ. नव्या मालकाने जुन्याला फोन केलाच तर उत्तर येते, ‘चांगला होता, त्यानेच सोडलं.’

खरे बोललो तर अब्रुनुकसानीचा दावा होईल, ही भीती त्यामागे असते. १८६० च्या दंड संहितेने या भीतीचे उत्तर तेव्हाच दिले होते आणि नव्या संहितेच्या कलम ३५६ मध्ये ते तसेच आले आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान बदनामी ठरत नाही. कायद्यातच उदाहरण आहे ते एका दुकानदाराचे : तो आपल्या कारभाऱ्याला सांगतो, अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीबद्दल माझे मत चांगले नाही. सद्भावनेने सांगितले असेल, तर गुन्हा नाही. अट एकच, विचारणाऱ्याला आणि जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगायचे. ‘सहा महिने होता, वसुलीच्या नोंदी जुळल्या नाहीत म्हणून काढला’ हे सांगता येते. ‘चोरटा आहे, सगळं घराणंच तसलं’ हे सांगता येत नाही.

मागच्या मालकाला तीनच प्रश्न विचारावेत : किती दिवस होता, काय काम करत होता, पुन्हा ठेवाल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा किती वेळ थांबतो, त्यातही बरेच कळते. फोन नंबर मात्र उमेदवाराने दिलेलाच लावू नये. दुकानाच्या पाटीवरचा किंवा बिलावरचा लावावा. सध्याच्या मालकाला विचारण्याआधी उमेदवाराची परवानगी घ्यावी, नाहीतर आहे ती नोकरीही जायची. भविष्य निर्वाह निधीचे खाते असेल तर उमेदवार स्वतःच ते मोबाइलवर उघडून आधीच्या नोकऱ्यांची यादी दाखवू शकतो. पण वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानांत ते खाते बहुधा नसतेच, म्हणून फोनला पर्याय नाही.

चौकशीलाही मर्यादा हवी

तपासणीच्या नावाखाली काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. नोकराची मूळ गुणपत्रिका किंवा मूळ कागदपत्रे तिजोरीत अडकवून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. पळून जाऊ नये म्हणून, असे सांगितले जाते. पाहून, झेरॉक्सवर सही घेऊन मूळ प्रत हातात परत द्यावी. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘यापासून सावध’ म्हणून फोटो आणि आधार कार्ड टाकणे तर सरळ अंगाशी येणारे काम आहे. विचारणाऱ्याला सद्भावनेने सांगणे वेगळे आणि दोनशे जणांत पसरवणे वेगळे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. नोकरीच्या कारणासाठी माहिती घ्यायला हा कायदा वाट ठेवतो, पण घेतली त्याच कारणासाठी वापरायची आणि सांभाळून ठेवायची. अर्जावर ‘मी दिलेली माहिती पडताळून पाहण्यास माझी संमती आहे’ ही ओळ आणि खाली सही, एवढ्याने पुढचे पुष्कळ वाद टळतात. अमेरिकेत बाहेरच्या संस्थेकडून चौकशी करवताना उमेदवाराला कळवणे आणि त्याची संमती घेणे भाग आहे. पाठीमागे केलेल्या चौकशीत चुकीची माहिती आली तर ती दुरुस्त करायला कोणीच नसते, म्हणून.

आजाराची चौकशी करताना एचआयव्ही चाचणी मागू नये. २०१७ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. अठरा वर्षांखाली हातून काही घडले असेल तर बाल न्याय कायद्यातले कलम २४ म्हणते, त्यामुळे पुढे सहसा कुठलीही अपात्रता चिकटत नाही.

आणि मोठेपणी खरोखर गुन्हा झाला असेल तर? अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सरकारी नोकरीच्या संदर्भात याचा सविस्तर विचार केला. तरुणपणातला किरकोळ गुन्हा, घोषणाबाजीसारखा, माफ करता येतो; पद कोणते आणि गुन्हा कोणता यांचा मेळ पाहावा; माहिती लपवली का, हेही पाहावे. खासगी दुकानाला हा निकाल बंधनकारक नाही, पण कसोटी म्हणून उत्तम आहे. दहा वर्षांपूर्वी बांधावरून झालेल्या मारामारीत नाव असलेल्या माणसाने वखारीत काम करायला अडचण काय? शेतीच्या वादात अर्ध्या गावावर गुन्हे असतात. गेल्या वर्षी पतसंस्थेतल्या अपहारात दोषी ठरलेल्याला गल्ल्यावर बसवणे मात्र शहाणपणाचे नाही. त्याला दुसरे काम देता येईल. शिक्षा भोगून आलेल्याला कुठेच काम मिळाले नाही, तर त्याला जुन्याच वाटेवर आपण ढकलतो.

नेमणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. पहिल्यांदा हात मारणाऱ्याची पाटी कोरीच असते. कितीही चौकशी केली तरी तो सापडत नाही. पंधरा वर्षे प्रामाणिक राहिलेला माणूस मुलीच्या लग्नाच्या कर्जात किंवा मोबाइलवरच्या जुगारात अडकून बदलू शकतो. म्हणून नेमणुकीआधीची पडताळणी हे अर्धे काम. उरलेले अर्धे कामाच्या आखणीत आहे.

उधारी लिहिणारा आणि वसुलीला जाणारा एकच नसावा. गल्ला रोज मोजावा, आणि आठवड्यातून एकदा मालकाने न सांगता मोजावा. ग्राहकाच्या मोबाइलवर जमा रकमेचा संदेश मालकाच्याच क्रमांकावरून जावा. क्यूआर कोड रोज सकाळी एक रुपया टाकून पाहावा. दिवाणजीला वर्षातून आठ-दहा दिवस सलग सुट्टी द्यावी आणि त्या दिवसांत वही दुसऱ्याने लिहावी. जो माणूस कधीच सुट्टी घेत नाही त्याचे कौतुक करण्याआधी कारण पाहावे. रोकड सांभाळणाऱ्यांसाठी विमा कंपन्यांकडे नोकराच्या अपहाराचे नुकसान भरून देणारा फिडेलिटी गॅरंटी विमा मिळतो, पतसंस्था तो घेतात. अडत्यांनीही विचारून पाहावे. आणि नेमणूकपत्र लेखी द्यावे : काम, पगार, तारीख. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनीही नेमणूकपत्रावर भर दिला आहे. ज्या माणसाला तुम्ही लेखी काहीच दिले नाही, त्याने विश्वासघात केला हे न्यायालयात सिद्ध करताना तो तुमच्याकडे कामाला होता इथपासून सुरुवात करावी लागते.

उचलीचा व्यवहार तर लिहूनच ठेवावा. चालक, हमाल, गडी उचल घेऊन निघून गेला ही मालकांची नेहमीची तक्रार. पण उचल फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणे हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसणारे कृत्य आहे. रक्कम लहान ठेवा, सही घ्या, महिन्याच्या पगारातून थोडी थोडी वळती करा. चौकशी कामगारानेही करावी : हा मालक पगार वेळेवर देतो का, आधीचा माणूस का गेला? सालगड्याच्या रीतीत ही चौकशी दोन्ही बाजूंनी होत असे आणि ती टिकली त्याचे एक कारण तेच होते.

एवढे सगळे चार माणसांच्या दुकानदाराने एकट्याने करावे, ही अपेक्षा जड वाटेल. पण यातले निम्मे काम एकदाच करायचे आहे, आणि ते गावातल्या व्यापारी संघाला किंवा बाजार समितीला करता येईल. एक पानाचा मराठी अर्ज, संमतीच्या ओळीसह. एक ठरावीक अनुभव पत्र, ज्यात कालावधी, काम आणि ‘पुन्हा ठेवू’ किंवा ‘ठेवणार नाही’ एवढेच असेल, आणि जे नोकराला दाखवून, त्याची बाजू ऐकूनच दिले जाईल. हमाल-मापाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या समित्यांना गादीवरच्या माणसांसाठी असा नमुना करून देणे अवघड नाही. कारंज्याच्या बाजाराने एकशे चाळीस वर्षांपूर्वी ज्या कामाला हात घातला, त्यातले हे राहून गेलेले कलम आहे.

माणूस न तपासता ठेवला जातो तो बहुतेक वेळा अविचाराने नव्हे, घाईने. दसऱ्याच्या सुमारास आवक वाढते, दारात गाड्यांची रांग लागते, जुना दिवाणजी ऐन वेळी सोडून जातो, आणि मग जो येईल तो चालतो. अशा वेळी फोन करायला, दाखल्याची वाट पाहायला कोणाला सवड नसते. म्हणून सोयाबीन काढणीला येण्याआधी, पोळा झाला की माणूस शोधायला लागावे. पोलिसांचा दाखला यायला, मागच्या दोन मालकांशी बोलायला आणि महिनाभर हाताखाली ठेवून काम पाहायला तेवढा वेळ पुरतो.